लेव्हल कुठवर आली?

हात धुऊन, गाऊन चढवून सर्जन टेबलापाशी येतात आणि सुरी हातात घेण्याआधी भूलतज्ज्ञाला एकच प्रश्न विचारतात, ‘‘लेव्हल कुठवर आली?’’ कमरेतून दिलेलं औषध शरीराचा किती भाग बधिर करून थांबलं, एवढंच त्यांना हवं असतं. बेंबीपर्यंत आलं असेल तर हर्नियाचं ऑपरेशन करता येतं. सिझेरियनसाठी ते स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढावं लागतं. त्याच्याही बरंच वर गेलं तर ऑपरेशनचा विचार बाजूला ठेवून आधी पेशंटची नाडी आणि श्वास सांभाळावे लागतात. अमरावतीत राजापेठेच्या परिसरातल्या लहान-मोठ्या रुग्णालयांत भूल देण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. सर्जनांच्या या प्रश्नाचं उत्तर सुई टोचण्याआधी मला कधीच छातीठोकपणे देता आलेलं नाही. ते कुणालाच देता येत नाही. असं का होतं आणि मग आम्ही नेमकं काय करतो, हे टेबलावर झोपणाऱ्या माणसाला आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या घरच्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

राजापेठ हा अमरावती-बडनेरा रस्त्यावरचा गजबजलेला भाग. प्रसूतिगृहं, हाडांचे दवाखाने, मुतखडा-प्रोस्टेटची रुग्णालयं इथं दाटीवाटीनं उभी आहेत. शहरात इर्विन हे जिल्हा रुग्णालय आहे, बायकांसाठी डफरीन आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून चालू आहे. तरीही भातकुली, दर्यापूर, नांदगाव खंडेश्वरकडून येणारी बरीच माणसं खासगी दवाखान्यांतच दाखल होतात. अशा लहान दवाखान्यांकडे स्वतःचा कायमचा भूलतज्ज्ञ सहसा नसतो. फोन आला की आम्ही बॅग उचलतो आणि निघतो. सकाळी हर्निया, दुपारी खुब्याचं मोडलेलं हाड, रात्री अडलेली बाळंतीण. तिघांच्याही कमरेत मी तेच औषध देते, आणि तिघांच्या अंगात ते वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन थांबतं.

मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याच्या खालच्या पिशवीत नसांचा जुडगा असतो आणि त्याच्याभोवती पाण्यासारखा नितळ द्रव असतो. आम्ही त्याला सीएसएफ म्हणतो. तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यामधल्या फटीतून २५ किंवा २७ नंबरची बारीक सुई आत गेली की तिच्या टोकाशी या द्रवाचा थेंब दिसतो. मग औषध सोडायचं. हे औषध म्हणजे बुपिव्हाकेन. ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, सगळे त्याला ‘हेवी’ म्हणतात. चार मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत दर मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध आणि ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर. दोन-तीन मिलिलिटर पुरतं. सुई बाहेर काढली, पेशंटला उताणं झोपवलं, की पायांत ऊब येते, मग मुंग्या, मग पाय जड होतात. ‘‘पाय कोठं गेले माहे, समजूनच नाही रायलं बाप्पा,’’ असं कुणीतरी म्हणतं, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं म्हणजे ही बधिरता किती वर चढते ते.

साखर घालण्याचं कारण वजन आहे. साखर घातलेलं औषध सीएसएफपेक्षा जड होतं आणि पाण्यात मधाचा थेंब सोडला तर तो जसा तळ धरतो, तसं ते पाठीच्या पोकळीतला सखल भाग धरतं. उताण्या झोपलेल्या माणसाचा कणा सपाट नसतो. कमरेचा तिसरा मणका सगळ्यात उंचावर येतो आणि छातीचा पाचवा-सहावा मणका सगळ्यात खोल. कमरेच्या उंचवट्यावर पडलेलं औषध दोन्हीकडे ओघळतं, काही माकडहाडाकडे, काही छातीकडच्या खोलगटात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले सर्जन आर्थर बार्कर यांनी १९०७ मध्ये हे ओळखलं. त्यांनी त्या काळच्या स्टोव्हेन या औषधात ग्लुकोज मिसळलं, कण्याच्या वळणांची काचेची नळी तयार करवून घेतली आणि रंगीत औषध त्यातून कसं वाहतं ते डोळ्यांनी पाहिलं. आज आम्ही पेशंटला कुशीवर झोपवावं की बसवावं, टेबलाचा डोक्याकडचा भाग किती खाली करावा, याचा विचार करतो त्याच्या मुळाशी बार्करांची ती नळी आहे.

त्याच्याही नऊ वर्षं आधी, १६ ऑगस्ट १८९८ रोजी, जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर यांनी ऑपरेशनसाठी पहिल्यांदा अशी भूल दिली. औषध होतं कोकेन, अर्ध्या टक्क्याचं, तीन मिलिलिटर, म्हणजे १५ मिलिग्रॅम. आज खुब्याच्या ऑपरेशनला आम्ही अर्ध्या टक्क्याचं बुपिव्हाकेन पुष्कळदा तेवढंच, तीन मिलिलिटर देतो. औषध बदललं, सुया बारीक झाल्या, निर्जंतुक हातमोजे आले, पण आकडा सव्वाशे वर्षांनंतरही तोच राहिला, याचं मला फार नवल वाटतं. काही दिवसांतच बिअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर केला. हिल्डेब्रांट यांच्या पायाला टोचून, चिमटे काढून, नडगीवर हातोडीचे घाव घालून बिअर यांनी संवेदना कधी कुठं हरवते याची नोंद ठेवली. या भुलेच्या जन्मापासूनच दोन गोष्टी बरोबर चालत आल्या आहेत. औषध द्यायचं, आणि ते कुठवर गेलं हे त्या माणसालाच विचारत राहायचं.

मग अंदाज कशाच्या आधारे बांधायचा? अमेरिकेतले निकोलस ग्रीन यांनी १९८५ मध्ये यावरच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा वीसहून अधिक कारणांची यादी समोर आली. वय, उंची, वजन, पोटातला दाब, कण्याची वळणं, औषधाची घनता, मात्रा, सुई कुठल्या फटीत घातली, औषध सोडताना आणि नंतर पेशंट कसा होता, अशी ती यादी. त्यातली खरोखर वजनदार कारणं थोडीच ठरली. औषधाची घनता, त्याची मात्रा आणि पेशंटची स्थिती ही तीन आमच्या हातातली. उंची-वजनाचं मोजमाप हाताशी असतं म्हणून त्यावर फार भिस्त ठेवली जाते. पण पूर्ण दिवसांच्या गर्भवतींवर झालेल्या १९८८ च्या एका अभ्यासात उंची किंवा वजनाचा आणि बधिरतेच्या पातळीचा संबंधच दिसला नाही.

सगळ्यात मोठं कारण डोळ्यांना दिसत नाही. १९९८ मध्ये कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसांच्या कमरेतला सीएसएफ एमआरआयने मोजला आणि मग त्यांना ही कमरेतली भूल, म्हणजे स्पायनल, दिली. कुणाच्या कमरेत तो ४२.७ मिलिलिटर निघाला, कुणाच्या ८१.१. म्हणजे धडधाकट माणसांतही जवळजवळ दुपटीचा फरक. ज्याच्याकडे द्रव कमी, त्याच्यात औषध कमी पातळ होतं आणि अधिक वर जातं. पातळीतला बराचसा फरक या एका मापानं उलगडला. त्याआधी १९९६ मध्ये होगन यांनी दाखवलं होतं की लठ्ठपणानं आणि पोटावर दाब आल्यानं हा द्रव कमी होतो. २०१४ मध्ये चीनमधल्या भूलतज्ज्ञांनी साध्या, साखर नसलेल्या बुपिव्हाकेनवर अभ्यास करून सांगितलं की पोटाचा घेर मोठा आणि कण्याची लांबी कमी असेल तर भूल वर चढते. शिंप्याची टेप घेऊन घेर मोजता येतो, त्यामुळे आमच्यासारख्यांना हे मोलाचं आहे. तरीही तो पोटाचाच घेर असतो. आतला द्रव तो कळवत नाही. अमरावतीत एमआरआय यंत्रं आहेत, पण हर्नियाच्या प्रत्येक पेशंटचा कमरेचा द्रव मोजायला कुणी जाणार नाही आणि जाऊही नये.

सुई कुठं टोचली याबद्दलही आपली खात्री वाटते त्यापेक्षा कच्ची असते. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे वरचे कंगोरे जोडणारी रेषा साधारण चौथ्या मणक्यावरून जाते, असं आम्हाला शिकवलेलं असतं. २००० साली इंग्लंडमध्ये शंभर पेशंटांच्या पाठी भूलतज्ज्ञांना तपासायला देऊन नंतर एमआरआय पाहिला, तेव्हा जेमतेम २९ टक्के वेळा फट बरोबर ओळखलेली निघाली. पुष्कळदा ती मानली त्याहून एक फट वर होती. म्हणून शंका आली की मी एक फट खाली उतरते. एवढ्या लहान निर्णयानं मज्जारज्जूलाही धोका राहत नाही आणि पातळीचा अंदाजही थोडा स्थिर होतो.

पुस्तकातली ही कारणं राजापेठेत माणसांच्या रूपानं समोर येतात. गर्भवतीचंच पाहा. वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं, त्यामुळे पाठीच्या पोकळीतल्या शिरा फुगतात आणि सीएसएफची जागा आक्रसते. गर्भारपणातल्या संप्रेरकांमुळे नसाही औषधाला लवकर दाद देतात. म्हणून इतर पेशंटला जिथं १५ मिलिग्रॅम लागतं तिथं तिला १० च्या आसपास पुरतं. जुळी असतील तर मी आणखी हात आखडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. त्यातली बहुतेक याच भुलेखाली होतात. इतक्या आयांच्या बाबतीत हा अंदाज रोज बांधला जातो, हे लक्षात घेतलं की त्याचं महत्त्व कळतं.

मेळघाटातून येणारी कोरकू बाळंतीण वेगळी असते. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत अमरावती गाठायला दीडशेच्या आसपास किलोमीटर, त्यातला मोठा भाग घाटाचा आणि जंगलाचा. ती पोहोचते तेव्हा थकलेली असते, पुष्कळदा रक्त कमी असतं, कधी सिकलसेल असतो. चण लहान, उंची कमी. तिला किती मात्रा द्यावी हे ठरवताना मी वरच्या टोकाची पातळी टाळण्याला जास्त महत्त्व देते. थोडी कमी पडली तर तिच्यासाठी माझ्याकडे दुसरे उपाय असतात, पण फार वर गेलेली भूल खाली ओढता येत नाही. आणि तिची माझी भाषा एक नसते. सोबत आलेली सासू किंवा आशाताई दाराशी उभी राहून माझे प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचवते. त्या ताईंना मी आधीच समजावून सांगते की ‘बरं आहे ना?’ असं विचारू नका, मी जे विचारते तेच विचारा.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनला येणारे आजोबा तिसऱ्या प्रकारचे. आयुष्यभर पऱ्हाटीच्या ओळींतून वाकून पाठीला कायमचा बाक आलेला. मणक्यांमधल्या फटी आवळलेल्या, त्यामुळे सुई मधून न घालता बाजूनं घालावी लागते. कण्याची वळणं बदललेली, म्हणून औषध कुठं साचेल याचा हिशेबही बदलतो. त्यांना पातळी बेंबीपर्यंत हवी, पण त्याच्या फार वर नको, कारण हृदय आधीच थकलेलं असतं. डोक्याखाली उशी किती जाड द्यायची, किती वेळ बसवून ठेवायचं, हे तिथल्या तिथं ठरवावं लागतं. बोलत राहणारे आजोबा मला फार मदत करतात. ते मध्येच गप्प झाले, चुळबुळ करू लागले किंवा भलतंच बोलू लागले तर ऑपरेशनमध्ये वापरलेलं पाणी रक्तात जास्त शोषलं गेलं का, हे मला लगेच तपासता येतं.

ऋतूचाही हिशेब असतो. मे महिन्यात अमरावतीचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. ऑपरेशनच्या भीतीनं घरचे पेशंटला आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही देत नाहीत. जेवण सहा-आठ तास आधी थांबवायचं असतं, पण साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. स्पायनलनं रक्तवाहिन्यांना ताणून धरणाऱ्या नसाही बधिर होतात, आणि ती बधिरता त्वचेवर कळणाऱ्या पातळीपेक्षा दोन-तीन पायऱ्या वर असते. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांत साचतं. अंगात पाणी असेल तर शरीर सांभाळून घेतं. सुकलेल्या माणसाचा रक्तदाब त्याच पातळीला धाडकन उतरतो. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या मी विचारते, ‘‘काल पाणी कधी प्यायले होते?’’ डिसेंबरातली टी-६, म्हणजे छातीच्या हाडाच्या टोकापर्यंतची पातळी, आणि मे मधली टी-६ कागदावर सारखी दिसते, पेशंटच्या अंगात सारखी नसते.

पातळी तपासायची रीत साधी आहे. स्पिरिटचा गार बोळा आधी कपाळाला लावायचा, मग मांडीपासून वर सरकत जायचं. प्रत्येक ठिकाणाला नंबर आहे. जांघेशी एल-१, बेंबीशी टी-१०, छातीच्या हाडाच्या टोकाशी टी-६, स्तनाग्रांशी टी-४, करंगळीला सी-८. रीत सोपी असली तरी उत्तर मिळवणं अवघड असतं. वऱ्हाडातली वयस्क माणसं डॉक्टरला नाही म्हणत नाहीत. ‘‘थंडं लागते का आजी?’’ ‘‘हाव जी.’’ ‘‘आणि इथं?’’ ‘‘हाव जी.’’ त्यांना मला बरं वाटावं असं वाटत असतं. म्हणून मी प्रश्नच बदलला. ‘‘कपायाले लागलं तसंच लागते का पोटाले, का कमी?’’ असं विचारलं की आजी थांबतात, विचार करतात आणि खरं सांगतात. कोरकू बाईच्या बाबतीत मी तिचा हात तिच्या कपाळाला लावते, मग पोटाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहते. तुलना करायला दिली की भाषा कमी लागते. गार वाटणं आधी जातं, टोचणं नंतर, स्पर्श सगळ्यात शेवटी. म्हणून सिझेरियनच्या आधी स्पर्शाचीही चाचणी घेते. गार कळत नाही एवढ्यावर विसंबून पोट उघडलं, तर बाईला आतली ओढाताण जाणवते, आणि ती आठवण तिच्या मनातून जात नाही.

एका पावसाळ्यात राजापेठेतल्या एका प्रसूतिगृहात सकाळी दोन सिझेरियन होती. दोघींची उंची जवळजवळ सारखी, वजन सारखं, दोघी पहिलटकरणी. एकाच खोक्यातल्या कुप्या, एकच मात्रा, त्याच फटीत सुई, कुशीवर झोपवून. पहिलीची पातळी टी-५ ला आली आणि थांबली. दुसरीला उताणं केलं आणि पाचव्या मिनिटाच्या आत ती म्हणाली, ‘‘मॅडम, बोटाले मुंग्या येऊन रायल्या.’’ पायाच्या नव्हे, हाताच्या बोटांना. मी तिला माझा हात दाबायला सांगितला. पकड सैल होती. नाडी शंभराच्या वरून पन्नाशीत आली, मळमळ सुरू झाली, रक्तदाब पडला. ‘‘छातीवर वझं ठेवल्यावानी वाटते,’’ असं म्हणताना आवाज बारीक झाला होता. टेबल डावीकडे झुकवलं, खांद्याखाली उशी सरकवली, ऑक्सिजन, नाडी वाढवणारं आणि दाब चढवणारं औषध, सलाईन वेगात. हे सगळं करताना मी तिच्याशी बोलणं सोडलं नाही. जोवर ती शब्द उच्चारत होती तोवर श्वासपटलाची नस शाबूत आहे हे मला कळत होतं. ती नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघते. पण गरज पडली तर श्वासनळीत घालायची नळी आणि मास्क उशाशी मांडलेलेच होते. पातळी तिथंच थांबली. बाळ रडलं, अर्ध्या तासात पकड परत आली. दोघी जणी तीन दिवसांनी एकाच सकाळी घरी गेल्या.

या दोघींमधला फरक कुठल्याच कागदावर नव्हता. तो होता बहुधा काही मिलिलिटर द्रवात, जो मोजलेला नव्हता आणि मोजता येणारही नव्हता. दुसरीला धोका झाला नाही त्याचं कारण तिनं बोटांच्या मुंग्यांबद्दल सांगितलं तेव्हा ऐकणारं कुणी शेजारी होतं.

पातळी चढतच नाही, असंही होतं. वीस मिनिटं झाली तरी पेशंट पाय हलवतो. अशा वेळी ओटीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘उन्हानं औषध मेलं असेल.’’ बुपिव्हाकेन उष्णतेत टिकणारं औषध आहे, ते इतक्या सहज मरत नाही. कारण बहुतेक वेळा सुईच्या टोकाशी असतं. सुईचं तिरकं तोंड अर्धं आत, अर्धं बाहेर राहिलं की द्रवाचा थेंब येतो, पण औषधाचा काही भाग बाहेर सांडतो. किंवा औषध खालीच, माकडहाडाकडे साचलेलं असतं. तेव्हा थांबायचं, पाय वर घेऊन टेबल किंचित डोक्याकडे झुकवून पाहायचं, आणि तरीही पुरेसं नसेल तर पेशंटला मोकळेपणानं सांगून दुसरी भूल द्यायची. पुन्हा तेवढीच पूर्ण मात्रा घाईनं देणं धोक्याचं, कारण आधीचं औषध आतच असतं. सर्जनांची घाई, पुढची केस, बाहेरचे नातेवाईक, या सगळ्यांचा दाब तेव्हा आमच्यावर असतो. तो दाब सहन करणं हा या कामाचा भाग आहे.

जड औषध साधारण वीस-तीस मिनिटांत स्थिर होतं, असं आम्ही म्हणतो. त्यानंतरही पेशंटची स्थिती बदलली, पाय वर बांधले, टेबल झुकवलं, तर पातळी सरकू शकते. अमेरिकेत १९८८ मध्ये कॅप्लान आणि सहकाऱ्यांनी नुकसानभरपाईच्या दाव्यांची कागदपत्रं तपासून १४ निरोगी माणसांची हकीकत मांडली. स्पायनलखाली ऑपरेशन चालू असताना त्यांचं हृदय अचानक थांबलं होतं. छातीच्या वरच्या चार पायऱ्यांवरून हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसा निघतात. त्या बधिर झाल्या आणि पायांत रक्त साचलं की नाडी मंद होत जाते. त्या अभ्यासातून शिकायचं ते एवढंच की ही चढाई वेळेवर पाहायला हवी आणि ॲड्रिनलिन द्यायला उशीर करायचा नाही.

आमच्या भागातली खरी अडचण इथं आहे. भूलतज्ज्ञ कमी, दवाखाने पुष्कळ. एका ठिकाणी सुई देऊन झाली की दुसरीकडून फोन येतो. ‘स्पायनलच तर आहे, पेशंट जागाच आहे,’ असं म्हणून निघून जाण्याचा मोह होतो, आणि दवाखान्यांनाही त्यात गैर वाटत नाही. सरकारनं दूरच्या रुग्णालयांसाठी एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं जीवरक्षक भूलशास्त्राचं प्रशिक्षण देण्याची योजना आखली. धारणीसारख्या ठिकाणी बाळंतीण वाचवायची तर अशी माणसं हवीतच. पण सुई घालायला शिकणं आठवड्यांत जमतं. ती घातल्यावर उशाशी बसून पाहत राहण्याची सवय कुणीतरी मुद्दाम लावावी लागते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी ती लावते. मात्रेचं सूत्र ती पुस्तकातून शिकून आलेली असतात. पहिली वीस मिनिटं मी त्यांना मोबाइल हातात घेऊ देत नाही, दर मिनिटाला रक्तदाब पाहायला लावते, आणि ‘टी-६’ असं लिहिण्याआधी ती त्यांनी स्वतः तपासली आहे ना, हे विचारते.

मला सूत्रं नकोत असं नाही. उंची-वजनावरून मात्रा ठरवणारा तक्ता २००५ मध्ये हार्टन आणि सहकाऱ्यांनी सिझेरियनसाठी वापरला, तेव्हा रक्तदाब पडण्याचं प्रमाण कमी झालं. संगणक आज शेकडो पेशंटांच्या नोंदींवरून रक्तदाब कुणाचा पडेल हे वर्तवू लागले आहेत. ते आणखी नेमके होतील आणि मी ते वापरीन. चांगल्या अंदाजामुळे मी चुकीच्या टोकापासून दूर राहते, कुठली औषधं आधीच भरून ठेवायची ते ठरवते, कुणाला बसवून द्यायचं आणि कुणाला झोपवून ते निवडते. पण तो अंदाज अनेक माणसांचा मिळून असतो, आणि टेबलावर एक माणूस असतो. आकडा कितीही नेमका झाला तरी त्या एका माणसापाशी तो खरा ठरतो की नाही हे पाहायला कुणीतरी हजर असावंच लागणार.

म्हणून सर्जनांना माझी विनंती आहे की पातळी स्थिर होईपर्यंतची मिनिटं ऑपरेशनचाच भाग समजा. दवाखाना चालवणाऱ्यांना विनंती आहे की भूलतज्ज्ञाचं मानधन सुईपुरतं ठरवू नका, पूर्ण वेळेचं ठरवा. आणि पेशंटच्या घरच्यांनो, कमरेतल्या सुईनं जन्मभर कंबर दुखेल का, हे तुम्ही मला नेहमी विचारता. ज्या कारणांनी इतरांची दुखते त्याच कारणांनी तुमची दुखेल, सुईनं नाही. त्यापेक्षा संमतिपत्रावर सही करण्याआधी दुसरा प्रश्न विचारा: भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन संपेपर्यंत पेशंटपाशी थांबणार आहेत ना? उत्तर ‘हो’ असेल तरच सही करा.